समुद्र मित्राच्या हाती: सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि बाणकोटची दहा गावं

 

आज हर्णैपासून सुरुवात करू. दापोली तालुक्यातलं हर्णै. संध्याकाळच्या वेळी तिथे मासळीचा लिलाव लागतो. होड्या थांबलेल्या, बैलगाड्या पाण्यात उतरलेल्या, वाळूवर सुरमई आणि कोळंबीचे ढीग, आणि बोली लावणाऱ्यांचा असा काही गलका की शेजारच्याशी बोलायलाही ओरडावं लागतं. या गोंधळातून मान वर केलीत तर समोर पाण्यात एक काळा तट दिसतो. तो सुवर्णदुर्ग. बहुतेक जण त्याच्याकडे पाठ करून सेल्फी काढतात आणि भाव विचारायला वळतात.

१७५५ सालच्या एप्रिल महिन्यात या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या. तोफा इंग्रजांच्या होत्या, किल्ला मराठ्यांच्या सरखेलांचा होता. इथपर्यंत काही विशेष नाही, इंग्रज आणि आंग्रे चाळीसेक वर्षं भांडतच होते. विशेष हे की इंग्रज जहाजांच्या सोबतीला पुण्याच्या पेशव्यांचं आरमार होतं. किनाऱ्यावर पेशव्यांची फौज होती. आणि इंग्रजांना रीतसर करार करून बोलावलं होतं ते पेशव्यांच्याच सरसुभेदाराने.

म्हणजे आजचा विषय हा: आपल्याच माणसाची भीती वाटली, म्हणून बाहेरचा, पश्चिमेकडचा, ताकदवान मित्र घरात आणला. त्याचं काय झालं?

थांबा. मला माहितीये, कमेंटमध्ये लगेच दोन वाक्यं पडणार आहेत. एक, 'पेशव्यांनी स्वतःचं आरमार बुडवलं.' दोन, 'तुळाजी काय, चाचाच होता.' दोन्ही वाक्यांत थोडं खरं आहे आणि दोन्ही वाक्यं फार लवकर संपतात. आपण जरा सावकाश जाऊ.

आधी आंग्रे. कान्होजी आंग्रे हे नाव सगळ्यांना माहीत असतं. १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथाने कान्होजींची समजूत घालून त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला आणलं. त्यांना सरखेल हे पद आणि किनाऱ्यावरचे किल्ले कायम झाले. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा वाद इथेच रुजलेला आहे. सरखेल हा पेशव्याचा नोकर नव्हता. पेशवा छत्रपतींचा नोकर आणि सरखेलही छत्रपतींचाच नोकर. दोघं एकाच धन्याची माणसं, एक जमिनीवरचा आणि एक पाण्यावरचा.

कान्होजींचा नियम साधा होता. या समुद्रातून जायचं तर आमचं दस्तक घ्या, म्हणजे परवाना. नाही घेतलं तर जहाज धरू. इंग्रज म्हणायचे, ही चाचेगिरी. मजा अशी की पोर्तुगीज या समुद्रावर कैक वर्षं असेच परवाने विकत आले होते आणि स्वतः इंग्रजही आपले पास देत होते. कोणाचा परवाना म्हणजे कायदा आणि कोणाचा म्हणजे दरोडा, हे ज्याच्या कागदपत्रांतून आपण इतिहास वाचतो त्याच्यावर ठरतं.

१७२१ च्या शेवटी इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन अलिबागच्या कुलाब्यावर चालून आले. तेव्हा आंग्र्यांच्या मदतीला साताऱ्याहून मराठी फौज आली, थोरले बाजीराव स्वतः आले. पोर्तुगीजांनी परिस्थिती पाहिली आणि इंग्रजांना बाजूला ठेवून मराठ्यांशी स्वतंत्र तह करून टाकला. इंग्रज चडफडत मुंबईला परतले. पाश्चात्त्य मित्रांची युती कशी फुटते ते त्या वर्षी मराठ्यांनी समोर उभं राहून पाहिलं होतं.

कान्होजी १७२९ मध्ये वारले आणि घर फुटलं. हे आपल्याकडे नेहमीचंच. मुलगे पुष्कळ, पद एक. सेखोजी चार वर्षांत गेला. मग संभाजी आणि मानाजी या भावांत जुंपली, आणि १७३५ मध्ये बाजीरावांनी वाटणी करून दिली: मानाजी कुलाब्याला, संभाजी सरखेल म्हणून दक्षिणेकडे, सुवर्णदुर्ग ते विजयदुर्ग. भांडण मिटवण्याचा हा सरळ मार्ग वाटतो. पण त्यातून एक आरमार जाऊन दोन झाली, आणि दोघांतला एक आपोआप पुण्याकडे झुकला. संभाजीनंतर १७४२ पासून दक्षिणेची गादी तुळाजीकडे आली.

तुळाजी काय चीज होता? १७४५ मध्ये त्याने गुहागरजवळचा अंजनवेलचा किल्ला आणि चिपळूणजवळचं गोवळकोट जंजिऱ्याच्या सिद्दीकडून घेतलं. दाभोळच्या खाडीवरचा सिद्दीचा जम त्याने मोडला. साताऱ्यात याचं कौतुक झालं. १७४९ मध्ये त्याने इंग्रजांचं 'रेस्टोरेशन' नावाचं लढाऊ जहाज धरलं. १७५४ मध्ये डचांची तीन जहाजं त्याच्या तावडीत सापडली, त्यातली दोन जळाली आणि एक त्याने पकडलं. विजयदुर्गाच्या खाडीत तो मोठी जहाजं बांधून घेत होता. मुंबईतल्या इंग्रज व्यापाऱ्याला झोप लागत नसणार, हे समजू शकतं.

पण तो फक्त इंग्रजांनाच त्रास देत होता असं नाही. सावंतवाडीचे सावंत, बावड्याचे अमात्य, विशाळगडचे प्रतिनिधी, या सगळ्या शेजाऱ्यांच्या मुलखात त्याची माणसं घुसत. म्हणजे आजच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावांनी त्याची झळ सोसली होती. कोकणात तुळाजीचं नाव फक्त शौर्यासाठी घेतलं जात होतं असं कोणी सांगत असेल, तर त्याने या शेजाऱ्यांच्या तक्रारी वाचलेल्या नाहीत.

१७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज गेले. सातारच्या गादीवर रामराजे आले, पण सत्ता पुण्याला सरकली, नानासाहेब पेशव्यांच्या हातात. ताराबाईंनी याला विरोध केला. तुळाजीही ताराबाईंच्या बाजूचा. पेशव्यांना खंडणी देणं, त्यांचं वर्चस्व मानणं त्याला मंजूर नव्हतं. त्याच्या बाजूने बघाल तर प्रश्न चुकीचा नाही: मी छत्रपतींचा सरखेल, तुम्ही छत्रपतींचे पेशवे, मग मी तुम्हाला हिशेब का द्यायचा?

नानासाहेबांच्या बाजूनेही बघू. पुण्यात बसलेल्या माणसाला काय दिसत होतं? घराच्या दाराशी, घाटाखाली, न ऐकणारा सरदार. साताऱ्यात ताराबाई. आणि पूर्वेला त्याहून मोठी काळजी: हैदराबादच्या निजामाकडे फ्रेंच सेनापती बुसी आला होता. १७५१ मध्ये बुसीच्या कवायती पलटणी आणि तोफखाना घेऊन निजामाची फौज पुण्याच्या दिशेने आली, तेव्हा मराठ्यांना पहिल्यांदा नीट कळलं की शिस्तीत डागलेल्या तोफांपुढे घोडदळाचं काय होतं. एका युरोपीय सत्तेचा तोफखाना शत्रूकडे असेल तर दुसरी युरोपीय सत्ता आपल्याकडे असावी, हा विचार कोणाच्याही मनात येईल. जगात आजही देश असाच विचार करतात, फक्त त्याला 'धोरणात्मक भागीदारी' म्हणतात आणि हस्तांदोलनाचे फोटो काढतात.

तर मग मुंबईशी बोलणं सुरू झालं. पेशव्यांकडून बोलणारे होते कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव. मुंबईचा गव्हर्नर होता रिचर्ड बूर्शिए. १९ मार्च १७५५ ला करार झाला. तो मोठा नाही, मोजकी कलमं आहेत, पण प्रत्येक कलम वाचण्यासारखं आहे.

सगळं आरमार, म्हणजे मराठ्यांचंसुद्धा, इंग्रजांच्या हुकमाखाली राहील. मोहिमेचे निर्णय मात्र दोघांच्या संमतीने. तुळाजीची जी जहाजं सापडतील ती दोघांत वाटून घ्यायची. किल्ल्यांतला पैसा, तोफा, दारूगोळा, सामान मराठ्यांचं. आणि मोबदला म्हणून इंग्रजांना बाणकोट, तिथला हिंमतगड किल्ला आणि खाडीच्या दक्षिणेची पाच गावं, कायमची. पुढेमागे मानाजी आंग्र्यावर मोहीम झालीच तर खांदेरीही इंग्रजांना.

किल्ले आपले, पैसा आपला, तोफा आपल्या. कागदावर हा सौदा मराठ्यांना फायद्याचा वाटतो, आणि रामाजीपंतांना तो तसाच वाटला असणार. पाच गावं ती काय! पण पहिलं कलम पुन्हा बघा. आरमाराची सूत्रं इंग्रजांकडे. लढाई जिथे व्हायची होती ती जागा म्हणजे समुद्र, आणि समुद्रावरचा हुकूम मित्राकडे.

तीन दिवसांत कमोडोर विल्यम जेम्स मुंबईहून निघाला. त्याच्याकडे चव्वेचाळीस तोफांचं 'प्रोटेक्टर' आणि तीन लहान जहाजं. मराठ्यांकडे, इंग्रजी नोंदीनुसार, सात गुराबा आणि साठ गलबतं. गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचं तोफांचं जहाज, गलबत त्याहून लहान, वल्ह्यांवरही पळणारं. हर्णैला नांगरलेलं तुळाजीचं आरमार यांना पाहून दक्षिणेकडे, जयगडच्या दिशेने पळालं. जेम्सने पाठलाग केला, पण ते हाती लागलं नाही. मग तो सुवर्णदुर्गाकडे वळला.

पहिल्या दिवशी समुद्राच्या बाजूने, पश्चिमेकडून, मारा केला. त्या बाजूचा तट काही ठिकाणी खडकच तासून काढलेला, वर प्रचंड चिरे. गोळे आदळून पडत होते. रात्री किल्ल्यातून फुटून आलेल्या एका माणसाने सांगितलं की या बाजूने तुम्ही महिनाभर मारलंत तरी काही होणार नाही. दुसऱ्या दिवशी जेम्सने जहाजं आतल्या बाजूला, किल्ला आणि किनारा यांच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यात आणली. म्हणजे तुम्ही लिलावाच्या जागेवरून जे पाणी बघता, तिथेच. अगदी जवळून मारा झाला. आतल्या गवती छपरांना आग लागली, आग दारूच्या कोठारापर्यंत गेली आणि कोठार उडालं. किल्ला पडला. किनाऱ्यावरचे कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला, हे तीनही पाठोपाठ आले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळं आटपलं होतं. ८ तारखेला बाणकोटही शरण आलं.

या लढाईबद्दलच्या इंग्रजी लिखाणात एक सूर सतत ऐकू येतो. मराठ्यांची जहाजं मागे मागे राहिली, मराठ्यांची फौज किनाऱ्यावरून लांबूनच एखादी तोफ उडवत होती, खरं काम आम्हीच केलं. असेलही थोडं तसं. पण एक गोष्ट विसरायची नाही. हे लिहिणाऱ्याला पुढे 'मग बक्षीस आमचं' असं म्हणायचं असतं. मित्राने किती कमी काम केलं याचा हिशेब सगळ्यात जास्त कोण ठेवतो? ज्याला नंतर वाटणीचं भांडण करायचं असतं तो.

रामाजीपंतांना वेळ घालवायचा नव्हता. त्यांचं म्हणणं, लगेच रत्नागिरीवर चला. आपला रत्नदुर्ग, भगवती किल्ला, तेव्हा तुळाजीकडे होता. जेम्सने मुंबईला विचारलं. मुंबईने कळवलं, पावसाळा तोंडावर आला, परत या. कोकणातला कोणीही सांगेल की एप्रिलच्या मध्यात मुंबईची ही भीती जरा घाईची होती, पण जहाजं त्यांची आणि हुकूमही त्यांचा. पहिल्या कलमाचा अर्थ रामाजीपंतांना इथे पहिल्यांदा कळला असेल.

पुढच्या काही महिन्यांत मराठ्यांनी जमिनीवरून स्वतःच किल्ले घ्यायला सुरुवात केली आणि अंजनवेलसारखी ठाणी मिळवली. तुळाजी दक्षिणेकडे ढकलला गेला. विजयदुर्ग हे त्याचं शेवटचं मोठं घर.

आता गोष्टीत असे दोन जण येतात ज्यांचा कोकणाशी काही संबंध नव्हता. एक, रॉबर्ट क्लाइव्ह. दुसरा, इंग्लंडच्या राजाच्या आरमाराचा अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसन. १७५५ च्या अखेरीस हे दोघं मुंबईत होते. क्लाइव्ह इंग्लंडहून आला होता तो मराठ्यांशी हातमिळवणी करून हैदराबादेत बुसीवर चाल करायची, या बेतासाठी. म्हणजे नानासाहेबांना ज्याची सगळ्यात जास्त काळजी होती, नेमकं त्यासाठीच! पण मधल्या काळात कर्नाटकात इंग्रज आणि फ्रेंच कंपन्यांनी आपापसात युद्धबंदी केली होती. मुंबईकर अधिकारी म्हणाले, आता बुसीला हात लावायला नको.

हे जरा थांबून बघा. पेशव्यांची मोठी भीती होती फ्रेंच तोफखान्याची. त्या भीतीवर मित्राने युद्धबंदीचं कारण दिलं. आणि त्याच मित्राचं तेच रिकामं बसलेलं सैन्य, तीच जहाजं, जी भीती मित्राला स्वतःला होती तिच्यावर, म्हणजे आंग्र्यांवर, लगेच उपलब्ध झाली. दोघांचा शत्रू एकच असला तरी दोघांची भीती एक नसते.

७ फेब्रुवारी १७५६ ला आरमार मुंबईहून निघालं. 'केंट', 'कंबरलंड', 'टायगर', 'सॉल्सबरी' अशी पन्नास ते सत्तर तोफांची जहाजं. निघण्याच्या आधी या साहेबांनी एक बैठक घेतली. विषय: लूट कशी वाटायची. आरमाराच्या अधिकाऱ्यांनी ठरवलेला क्लाइव्हचा वाटा त्याला कमी वाटला, दुय्यम अ‍ॅडमिरलच्या बरोबरीचा हवा होता. वाद वाढू नये म्हणून वॉटसनने सांगितलं, कमी पडेल तेवढं मी माझ्या वाट्यातून देतो. नंतर द्यायची वेळ आली तेव्हा क्लाइव्हने ते घेतले नाहीत, हेही खरं. पण ज्या बैठकीत पै-पैचा विचार झाला, त्यात मराठ्यांचा वाटा नव्हता. करारात तर किल्ल्यातला सगळा ऐवज मराठ्यांचा लिहिला होता!

११ तारखेला जहाजं विजयदुर्गासमोर आली. वाघोटन खाडीच्या तोंडावरचा हा किल्ला तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, तिहेरी तटबंदी, तीन बाजूंना पाणी. तुळाजीने हा फौजफाटा बघून ठरवलं की इंग्रजांच्या हाती सापडण्यापेक्षा पेशव्यांशी बोललेलं बरं. किल्ला नातेवाइकावर सोपवून तो मराठ्यांच्या छावणीत गेला आणि बोलणी सुरू झाली.

इथे गोष्टीचा काटा फिरतो. रामाजीपंतांच्या दृष्टीने हा विजय होता. किल्ला न लढता मिळणार, तट शाबूत, खाडीतलं आरमार शाबूत, सरखेल आपल्या ताब्यात. कराराप्रमाणेही किल्ला मराठ्यांचाच होता. पण वॉटसनला हीच गोष्ट दगाबाजी वाटली. किल्ला वाटाघाटीने मराठ्यांकडे गेला तर लूट गेली. आणि तुळाजीचं आरमार उद्या पेशव्यांचं आरमार होणार. इंग्रजांना आंग्र्यांचं आरमार नको होतं. त्यांना ते दुसऱ्या मालकाच्या नावावर नको होतं असं नाही, ते असायलाच नको होतं.

१२ फेब्रुवारीच्या दुपारी वॉटसनने जहाजं खाडीत घातली आणि तोफा सुरू केल्या. तुळाजीची जहाजं किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना बांधून उभी होती. एक पेटता गोळा 'रेस्टोरेशन'वर पडला. हो, तेच १७४९ मध्ये इंग्रजांकडून धरलेलं जहाज. ते पेटलं, त्यावरून शेजारचं, त्यावरून त्याच्या शेजारचं. बघता बघता सगळं आरमार जळालं. अनेक वर्षं खाडीत बांधलेली, धरलेली, डागडुजी केलेली जहाजं, तांडेलांच्या आणि सुतारांच्या पिढ्यांचं काम, एका संध्याकाळीत. करारात 'जहाजं वाटून घ्यायची' असं होतं. वाटायला काही राहिलंच नाही.

गोळा मुद्दाम टाकला की लागला, यावर वाद घालण्यात मला रस नाही. मारा करायचा निर्णय मुद्दाम होता, एवढं पुरे आहे.

त्याच रात्री क्लाइव्ह सैन्य घेऊन किनाऱ्यावर उतरला. आणि उभा कुठे राहिला? किल्ला आणि मराठ्यांची छावणी यांच्या मध्ये. शत्रूला कोंडायला नव्हे, मित्राला अडवायला. १३ तारखेला किल्ला शरण आला आणि वर इंग्रजांचं निशाण चढलं. आत अडीचशेच्या आसपास तोफा आणि सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज सापडला. तो इंग्रजांनी आपसात वाटून घेतला. तुळाजीची आई, बायका, मुलं किल्ल्यात होती, तीही त्यांच्या हाती लागली. तुळाजी स्वतः मराठ्यांकडे होता आणि उरलेलं आयुष्य त्याने कैदेतच काढलं.

पेशव्यांनी विजयदुर्ग मागितला. इंग्रज म्हणाले, तुळाजी आमच्या हवाली करा. पुन्हा मागितला. इंग्रज म्हणाले, तुम्ही आमच्या पाठीमागे तुळाजीशी बोललात, करार तुम्ही मोडला. मग म्हणाले, बाणकोट परत घ्या आणि विजयदुर्ग आम्हाला ठेवा. आठ महिने हे चाललं. नानासाहेब चिडले होते, पण हातात काय होतं? किल्ला समुद्रातला, आणि समुद्रावर आता पेशव्यांकडे मुंबईशी भांडता येईल असं फारसं काही उरलं नव्हतं. जे आरमार या क्षणी उपयोगी पडलं असतं ते फेब्रुवारीत जळालं होतं.

शेवटी १२ ऑक्टोबर १७५६ ला पुण्यात तह झाला. विजयदुर्ग मराठ्यांना मिळाला. तुळाजीला घाटाखाली कधीही मुलूख द्यायचा नाही, असं ठरलं. मराठ्यांच्या राज्यात डचांना व्यापार करू द्यायचा नाही, हेही ठरलं. म्हणजे एका मित्राने दुसरा कोण असावा, हे परस्पर ठरवलं. आणि बाणकोट धरून इंग्रजांना दहा गावं. आधी पाच होती, भांडणानंतर दहा.

याच तहानंतर चार दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, वॉटसन आणि क्लाइव्ह मद्रासहून बंगालकडे निघाले. जूनमध्ये सिराज-उद्-दौलाने कलकत्ता घेतलं होतं. 'केंट', 'टायगर' आणि 'सॉल्सबरी' तीच. विजयदुर्ग पडल्यानंतर सोळा महिन्यांनी प्लासी झाली. शाळेच्या पुस्तकात प्लासी एका धड्यात असते आणि विजयदुर्ग दुसऱ्या, त्यामुळे आपल्याला कोणी सांगत नाही की ही एकाच माणसांची लागोपाठची दोन कामं आहेत.

आता कमेंटमधल्या पहिल्या वाक्याकडे येऊ. 'पेशव्यांनी आरमार बुडवलं.' पूर्ण खरं नाही. पेशव्यांचं स्वतःचं आरमार पुढे विजयदुर्गालाच उभं राहिलं, धुळपांच्या हाताखाली. एप्रिल १७८३ मध्ये आनंदराव धुळपांच्या आरमाराने इंग्रजांचं 'रेंजर' हे जहाज लढून पकडलं. म्हणजे कोकणातला खलाशी काही १७५६ ला मेला नव्हता. पण धुळप सुभेदार होते, पुण्याच्या पैशावर आणि पुण्याच्या मर्जीवर चालणारे. ज्याचं पोट, पद आणि प्रतिष्ठा फक्त समुद्रावर अवलंबून आहे असा दक्षिणेतला सरखेल आता उरला नाही. इंग्रज जहाजाला परवाना विचारायची ताकद कोणात राहिली नाही.

आणि नानासाहेब? मला ते मूर्ख वाटत नाहीत. घरातल्या सरदाराला आवरणं हे त्यांचं कामच होतं, आणि तुळाजी सहज ऐकणारा माणूस नव्हता. इंग्रजांची मदत घेणं हीसुद्धा मला चूक वाटत नाही. त्या काळात सगळेच कोणा ना कोणा टोपीकराची मदत घेत होते. चूक दिसते ती मोजमापात. तुळाजी हा पुण्याचा त्रास होता, मुंबईकर हा पुण्याचा धोका होता, आणि त्रास कमी करायला त्यांनी धोक्याच्या हातात समुद्र दिला. बुसीच्या बाबतीत मित्राने काढता पाय घेतला, तेव्हा तरी विजयदुर्गाची मोहीम थांबवता आली असती का? माझं मत, हो. सुवर्णदुर्ग मिळाला होता, अंजनवेल मिळालं होतं, तुळाजी एकटा पडला होता. आणखी एखाद-दोन हंगाम जमिनीवरून वेढा घातला असता तर तो बोलायला आलाच असता. तसा तो आलाही. फक्त तेव्हा खाडीच्या तोंडावर वॉटसन उभा होता.

सुवर्णदुर्गाचं पुढे काय झालं तेही ऐकून ठेवा. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुणे जिंकलं आणि नानासाहेबांचा पुतण्या दुसरा बाजीराव पळाला. महाडवरून तो आला कुठे? सुवर्णदुर्गाला. ज्या किल्ल्यावर काकांनी इंग्रजांकडून तोफा डागून घेतल्या, तिथेच पुतण्याने आसरा घेतला. तेव्हा किल्ल्याची डागडुजी झालेली नव्हती, शिबंदी पुरेशी नव्हती. मग तो समुद्रमार्गे वसईला, इंग्रजांकडे गेला, आणि ३१ डिसेंबर १८०२ ला त्याने त्यांची फौज आपल्या राज्यात ठेवून घेण्याचा तह केला. त्या तहातही आपणच खर्च द्यायचा होता.

राहता राहिलं बाणकोट. मंडणगड तालुक्यात, सावित्रीच्या मुखाशी. वेसवीहून फेरीबोटीने गाडीसकट बागमांडल्याला उतरून हरिहरेश्वरला जाताना तुम्ही त्याच्या जवळूनच जाता. इंग्रजांनी हिंमतगडाचं नाव बदलून फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. राणी व्हिक्टोरियाशी याचा संबंध नाही बरं का, ती जन्मली १८१९ ला. मुंबईच्या जहाजांना रसद पुरवायला हे बंदर त्यांच्या कामी आलं. साठ-बासष्ट वर्षं ते या किनाऱ्यावर इंग्रजांचं छोटंसं, फारसं कोणाच्या लक्षात न येणारं ठाणं होतं. १८१७-१८ मध्ये पेशवाई संपत आली तेव्हा कर्नल केनेडीच्या छोट्या फौजेने या भागातले किल्ले भराभर घेतले: सुवर्णदुर्ग, मंडणगड, पालगड, अंजनवेल. विजयदुर्गही १८१८ मध्येच गेला.

मग इंग्रजांनी दक्षिण कोकणचा जिल्हा तयार केला, आणि त्याचं पहिलं मुख्य ठाणं केलं बाणकोटला, त्याच दहा गावांत. ते गैरसोयीचं पडत होतं म्हणून १८२२ मध्ये कारभार तिथून हलवून रत्नागिरीला आणला.